दार उघडून ऐकायचं

घर विकलं तेव्हा आम्ही दोघंही एकाहत्तरचे.
तीन दिवस गराजच्या दारात अनोळखी माणसं
आमच्या संसाराचा भाव करत उभी होती.
सूपच्या वाट्या पन्नास सेंटला गेल्या.
बर्फ काढायचं यंत्र ज्यानं नेलं, त्याला व्हर्लिननं
ते थंडीत कसं खोकतं तेही करून दाखवलं.
उरलं ते सत्तावीस फुटांत मावलं.
मावलं नाही ते जोलीनच्या तळघरात.

यानं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली,
नेब्रास्कातल्या त्याच त्या बेचाळीस मैलांवर.
मी कचेरीत जमिनींचे दस्त नोंदवायचे,
आकडा चुकू द्यायचा नाही ही माझी खोड.
एकदा जेवणाच्या सुट्टीत हिशेब मांडला:
पृथ्वीला अठरा प्रदक्षिणा झाल्यात या माणसाच्या,
आणि यानं अजून डोंगर पाहिलेला नाही.

म्हणून निघालो.

रूळ आले की थांबायचं, हा बसवाल्यांचा कायदा.
दार उघडायचं, कान द्यायचा, मगच पुढे.
आता मागे मुलं नाहीत. एक पलंग आहे,
गॅसवरचा फ्रीज आहे, तरी हा थांबतोच.
दार माझ्या बाजूला. मी उठते, कडी काढते,
गवताचा वास आत येतो,
मागचा ट्रकवाला भोंग्यावर हात ठेवून
आमच्या सात पिढ्या उद्धारतो.
"काही नाही," मी म्हणते.
"काही नाही," हा म्हणतो, आणि निघतो.

बॅडलँड्स पाहिले. सिमेंटचा डायनासोर पाहिला.
गरम पाण्याचं कारंजं वीस मिनिटं उशिरा उडालं;
"माझ्या बसमध्ये चाललं नसतं," हा म्हणाला.
रोज संध्याकाळी चाकांखाली फळ्या सारायच्या,
नाहीतर तव्यातलं अंडं एका कडेला जमतं.
सस्कॅचवानचा ओर्व्हिल शेजारी लागला होता,
त्यानं पाण्याचा पाइप दिला आणि तीन तास
स्वतःच्या गुडघ्याची गोष्ट सांगितली.
मी सगळं वहीत लिहिते: मैल, पेट्रोल, पायची किंमत.
(ह्युरॉनचा चेरी पाय महाग, आणि कच्चा.)

मोंटानात, जिथे नकाशालाही काही सुचलेलं नाही,
तिथे हा थांबला.
रूळ नव्हते.
"दार," म्हणाला.
मी उघडलं. गहू. वारा.
तारेवर एक पक्षी, आमच्याकडे पाठ करून.
"काही नाही, व्हर्लिन."
"क्लासनांचा धाकटा अजून चढला नाही."

क्लासनांचा धाकटा पन्नाशीचा आहे.
ट्रॅक्टर विकतो. आम्हाला निरोप द्यायला आला होता,
त्यानंच टायरांत हवा भरली होती.

दार उघडंच होतं. एक टोळ आत आला,
पायरीवर बसला, निघून गेला.
मग मी म्हणाले, "त्याला आज ताप आहे.
त्याच्या आईचा फोन आला होता."
"असं होय," हा म्हणाला.
पण हात चाकावरून उचलले नाहीत, गाडीही हलवली नाही.
"सरक तिकडे," म्हटलं. "मी घेते."

एवढं मोठं धूड मी कधी चालवलं नव्हतं.
आरशात माझंच घर माझ्या मागे लागलेलं दिसायचं.
ताशी पस्तीस. मागे दहा गाड्यांची रांग,
एकानं बोट दाखवलं, मी हात हलवला.

मग खरे रूळ आले, हाव्हरच्या अलीकडे.
मी थांबले. मला कायदा लागू नव्हता.
तो आपण होऊन उठला, कडी काढली,
डोकं बाहेर काढून ऐकत राहिला,
मी कधी ऐकलं नसेल इतका वेळ.
"येतेय."
मला काहीच ऐकू येत नव्हतं.
मी इंजिन बंद केलं.

आली. आधी पायांखालून, मग कानांतून,
मग सगळ्या कपाटांतले पेले वाजवत.
तो पायरीवर उभा राहून डबे मोजू लागला,
मोठ्यानं, मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात.
"एकशे सात," म्हणाला शेवटी, आणि दार लावलं.

मी मोजले ते एकशे सहा होते.
रात्री वहीत
एकशे सात लिहिले.